नाव खोडल्याने घर लपत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जनगणना २०२७ च्या निमित्ताने ‘आमची माहिती शेवटी जाते कुठे?’ हा प्रश्न पुन्हा विचारला जात आहे. त्यावरचे उत्तर ठरलेले असते: नाव-पत्ता काढून टाकतात, निर्धास्त राहा. हे उत्तर अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची चर्चा मराठीत फारशी होत नाही, म्हणून हे पत्र.

आधी एक घोळ दूर करायला हवा. दारात येणारी प्रत्येक ‘पाहणी’ एका कायद्याखाली येत नाही. जनगणनेला १९४८ च्या कायद्याचे संरक्षण आहे. त्यातल्या कलम १५ नुसार जनगणनेची नोंदवही पाहण्याचा हक्क कोणालाही नाही आणि ती नोंद दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून चालत नाही. (याच कायद्याने बाईला नवऱ्याचे नाव सांगायची सक्ती केलेली नाही. उखाण्याच्या काळातली ही तरतूद अजून पुस्तकात आहे.) २००८ चा सांख्यिकी संकलन कायदाही गोळा केलेली माहिती आकडेवारीखेरीज इतर कामासाठी वापरू देत नाही आणि माहिती देणाऱ्याची ओळख पुसल्याशिवाय ती उघड करू देत नाही. याउलट २०११ ची सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणना जनगणना कायद्याखाली झालीच नव्हती. तिच्यातली वैयक्तिक माहिती लाभ देण्यासाठी किंवा नाकारण्यासाठी सरकारी खाती वापरू शकतील, असे तेव्हा स्पष्ट सांगितले होते, आणि ग्रामीण भागातल्या मसुदा याद्या हरकतींसाठी गावात जाहीरही झाल्या. दारात येणारा माणूस तसाच, कायद्याच्या कागदावर मात्र जमीन-अस्मानाचा फरक. त्यामुळे प्रगणकाला पहिला प्रश्न ‘हे कोणत्या कायद्याखाली?’ असाच विचारावा.

आता नाव काढल्यानंतर काय उरते ते पाहू. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या कुटुंबनिहाय नोंदी संशोधकांसाठी प्रसिद्ध होतात आणि त्या व्हायलाच हव्यात. अशा नोंदीत राज्य, जिल्हा, ग्रामीण की शहरी, कुटुंबातली माणसे, धर्म, सामाजिक गट, जमीन, प्रत्येकाचे वय, लिंग, वैवाहिक स्थिती, शिक्षण, व्यवसायाचा संकेतांक अशा गोष्टी असतात. यातली एकही गोष्ट एकटी कोणाला ओळखत नाही. पण समजा, एखाद्या विरळ वस्तीच्या जिल्ह्यातली ग्रामीण नोंद अशी आहे: दोन माणसांचे कुटुंब, ख्रिश्चन, अनुसूचित जमाती, कुटुंबप्रमुख ३४ वर्षांची विधवा, पदव्युत्तर शिक्षण, व्यवसाय परिचारिका. त्या तालुक्यातल्या कोणालाही नाव सांगावे लागणार नाही. मग त्याच ओळीत पुढे महिन्याचा खर्च काय, कर्ज किती, घरात काय काय आहे, हेही त्याला वाचता येते. अमेरिकेत संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेवरून असा अंदाज काढला होता की झिप कोड (तिथला पिनकोड), लिंग आणि पूर्ण जन्मतारीख या तीन गोष्टींवर तिथले सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. आपल्या नोंदीत जन्मतारखेऐवजी वय असते हे बरे आहे. पण धर्म, सामाजिक गट आणि व्यवसाय एकत्र आले की ती उणीव भरून निघते.

यावर सांख्यिकीवाल्यांचे उत्तर असे की नमुन्यात एकच असलेली नोंद लोकसंख्येत एकच असेल असे नाही. तशा दहा बायका जिल्ह्यात असतील, त्यातली नमुन्यात आलेली कोणती हे बाहेरच्याला कळणार कसे? युक्तिवाद बरोबर आहे, पण तो बाहेरच्यापुरताच. पाहणी करणारा कोणाच्या ओट्यावर तास-दीड तास बसला होता हे अख्ख्या गल्लीला माहीत असते. शेजारी, सावकार, भाऊबंद, स्थानिक पुढारी यांच्यापुढे नमुन्याचा हा आडोसा टिकत नाही. नोंदीसोबतच्या भारांकाकडे बोट दाखवून ‘ही नोंद दोन हजार कुटुंबांच्या वतीने आहे’ असे म्हटले जाते, त्यालाही फारसा अर्थ नाही. भारांक निवडीची शक्यता सांगतो. अशी दुसरी कुटुंबे खरोखर किती आहेत, हे तो सांगत नाही.

सर्वांत दुर्लक्षित धोका नमुना गावाच्या संकेतांकाचा आहे. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत प्रत्येक नमुना गावातून किंवा शहरी ब्लॉकमधून १८ कुटुंबे घेतली होती. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात पूर्वी ८ घेत, जानेवारी २०२५ पासून १२ घेतात. फाइलमध्ये गावाचे नाव नसते, पण त्या सगळ्या कुटुंबांपुढे एकच अनुक्रमांक असतो. वरच्या उदाहरणातली परिचारिका ओळखली गेली की गाव उघडे पडले, आणि गाव उघडे पडले की उरलेल्या १७ घरांचा शोध जिल्ह्याऐवजी एका गावात घ्यायचा असतो. ज्या १७ कुटुंबांत वेगळे असे काहीच नाही, तीही एका वेगळ्या कुटुंबामुळे सापडतात. धोक्याचा हिशेब एकेका ओळीचा करून भागत नाही, तो गटाचा करावा लागतो.

अनुक्रमांक सरळ काढून टाकावा, तर अंदाजातली चूक मोजता येत नाही, कारण एका गावातली कुटुंबे एकमेकांसारखी असतात आणि ते साम्य हिशेबात धरावेच लागते. यावर तोडगा आहे: सार्वजनिक फाइलमध्ये गावाच्या संकेतांकाऐवजी आधीच तयार केलेले पुनरावृत्ती-भारांकांचे (नमुन्याचा थोडा थोडा भाग बदलून पुन्हा पुन्हा काढलेल्या भारांकांचे) स्तंभ द्यावेत. संशोधकाला त्रुटी काढता येते आणि कोणती घरे एका गावातली, हे कळत नाही. फाइल फुगते, इतकेच. नुसते यादृच्छिक नवे क्रमांक देणे हा स्वस्तातला उपाय. त्याने मूळ यादीशी जुळवणी तुटते, पण १८ घरांची मोळी बांधलेलीच राहते.

श्रमबल सर्वेक्षणाच्या नमुन्यात जानेवारी २०२५ पासून जिल्हा हा मूळ भौगोलिक घटक झाला आहे. जिल्ह्यांचे आकडे मिळायला हवेत, ही मागणी जुनी आणि रास्त. मात्र भूगोल जितका बारीक, तितकी बाकीची वर्णने ढोबळ करावी लागतात. जिल्हा द्यायचा असेल तर वय पाच-पाच वर्षांच्या गटात, व्यवसायाचा संकेतांक तीनऐवजी एक अंकी, ८० वर्षांपुढचे सगळे एका गटात, नऊ किंवा जास्त माणसांची कुटुंबे एका गटात. वय सुटे आणि व्यवसाय बारीक हवा असेल तर भूगोल राज्यापर्यंत वर न्यावा. दोन्ही एकाच सार्वजनिक फाइलमध्ये नकोत. आणि असे गट पाडल्यावरही तपासणी संपत नाही. एका वर्णनाची पाच कुटुंबे आहेत म्हणून आपण सुटलो असे वाटते, पण पाचही कुटुंबांनी ‘कर्ज आहे’ असेच उत्तर दिले असेल, तर कोणते कुटुंब कोणते हे न कळताही पाचांचे गुपित फुटलेले असते.

आरोग्याच्या पाहण्यांत एक चांगली रीत आहे, ती इतरांनी उचलावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ज्या डीएचएस (लोकसंख्या व आरोग्य पाहण्यांच्या आंतरराष्ट्रीय) पद्धतीने होत आले, तीत नमुना-समूहाचा जागेचा बिंदू प्रसिद्ध करण्याआधी मुद्दाम हलवतात: शहरी २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण ५ किलोमीटरपर्यंत आणि ग्रामीणपैकी एक टक्का १० किलोमीटरपर्यंत. तोही समूहाचा मध्य असतो, घराचा नव्हे. आपल्याकडच्या लहानसहान पाहण्यांच्या अ‍ॅपमध्ये मात्र घराचे अक्षांश-रेखांश पाच-सहा दशांश स्थळांपर्यंत साठतात आणि तसेच पुढे जातात. पाच दशांश स्थळे म्हणजे साधारण एक मीटर. हा पत्ताच झाला.

आणखी एक फसवा उपाय म्हणजे मोबाइल किंवा आधार क्रमांकाचा ‘हॅश’ (सूत्राने केलेले सांकेतिक रूपांतर) करून तो सुरक्षित समजणे. भारतीय मोबाइल क्रमांक ६ ते ९ ने सुरू होतो, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. आधारचा पहिला अंक ० किंवा १ नसतो आणि शेवटचा पडताळणीचा असतो, म्हणून शक्यता ८,००० कोटी. आकडे मोठे वाटतात, पण चांगल्या ग्राफिक कार्डाला सगळ्या शक्यतांचे साधे हॅश काढून जुळवायला काही सेकंद ते काही मिनिटे पुरतात. क्रमांक काढून त्या जागी यादृच्छिक क्रमांक द्यावा आणि दोहोंची सांगड घालणारा तक्ता वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या अधिकाऱ्याच्या ताब्यात ठेवावा. पुन्हा त्याच घरी जायचे नसेल तर तो तक्ता नष्ट करावा, आणि नष्ट केल्याची नोंद ठेवावी.

प्रत्यक्षात मात्र गळती इतक्या हुशारीने होत नाही. तालुक्याच्या पातळीवर एक्सेलमधला नावाचा स्तंभ ‘लपवून’ फाइल पुढे पाठवतात. लपवलेला स्तंभ दोन क्लिकमध्ये परत दिसतो. सारांश तक्ता तेवढा पाठवला, तरी एक्सेलच्या पिव्होट तक्त्याच्या पोटात मूळ नोंदी शिल्लक असतात. पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी ओढतात आणि खालचा मजकूर कॉपी होतो. अर्धवट फॉर्मचे फोटो शंका विचारायला व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले जातात, आणि पाहणी संपल्यावरही ते पन्नास जणांच्या फोनमध्ये राहतात. यात प्रगणकांना दोष देण्यात अर्थ नाही. शंका विचारायला दुसरी वाट दिली नाही तर लोक गटावरच विचारणार. अ‍ॅपमध्येच शंकेची सोय, नोंद पोचताच फोनवरची प्रत आपोआप पुसली जाणे आणि बाहेर द्यायच्या तक्त्यांसाठी नुसत्या मूल्यांची नवी फाइल, एवढे केले तरी बरेच साधेल.

वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा, २०२३ यात सांख्यिकीसाठी सूट आहे, पण ती सशर्त. त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीबाबत निर्णय घ्यायचा नाही आणि विहित मानके पाळायची. म्हणूनच ‘पाहणी’ म्हणून माहिती घ्यायची आणि मागाहून तीच लाभार्थी छाननीला वापरायची, हे या सुटीत बसत नाही. दुसऱ्या बाजूने, गोपनीयतेचे निमित्त करून नोंदी कुलपात ठेवणेही आम्हाला मान्य नाही. ढोबळ केलेली फाइल सर्वांना खुली आणि बारीक फाइल सरकारी संगणकावर बसून, करार करून, निकाल तपासून बाहेर नेण्याच्या अटीवर, अशी दुहेरी व्यवस्था बऱ्याच देशांत चालते. ती इथेही शक्य आहे. त्यासाठी प्रत्येक पाहणीच्या खर्चात या तपासणीचे माणूसबळ आधीपासून धरायला हवे. फाइल प्रसिद्ध व्हायच्या आदल्या आठवड्यात हे काम होत नाही.

वृत्तपत्रांकडूनही दोन अपेक्षा आहेत. गावनिहाय तक्ता छापताना ज्या चौकटीत १ किंवा २ असा आकडा आहे ती वगळावी, आणि ती वगळली तर त्याच ओळीतली आणखी एक चौकट वगळावी, नाहीतर ओळीच्या बेरजेतून वजा करून आकडा परत मिळतो. आणि प्रगणकांचे छायाचित्र छापताना टॅब्लेटचा पडदा किंवा भरलेला फॉर्म वाचता येत नाही ना, हे मोठा करून पाहावे.

आपले,
कुटुंब सर्वेक्षणांच्या आकडेवारीवर काम करणारे काही वाचक