पाटल्या आणि आकाशपाळणा

लंडन,
रविवार, १४ जून २०२६

ती. आजी, बाबा आणि आईस,
शि. सा. न. वि. वि.

आजी, मायना तू शिकवलास तसाच लिहिलाय. चुकला असेल तर फोनवर ओरड.

जेवते का, सर्दी गेली का, प्रबंध कुठवर आला, हे रोज बोलणं होतंच, म्हणून गाळते. जेवते. गेली. चाललाय. आजीचा हट्ट म्हणून कागदावर लिहितेय, आणि शिवाय काही गोष्टी तुमचे तीन चेहरे मोबाइलच्या चौकटीत दाटीवाटीने बसलेले असताना बोलता येत नाहीत. घाबरू नका, तसलं काही नाही.

आत्ता रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये बसलेय. थेम्सच्या काठावरचा १९५१ सालचा हा हॉल. आत मैफिलीचं तिकीट आपल्याला झेपणारं नाही, पण बाहेरच्या दालनांत टेबलं-खुर्च्या मांडलेल्या असतात. कुणीही यावं, दिवसभर बसावं. चहा घ्या म्हणून कुणी मागे लागत नाही. माझ्या शेजारी एक आजोबा डबा उघडून सँडविच खातायत, मी पोळी-भाजी. पाचव्या मजल्यावर फक्त कवितेच्या पुस्तकांची लायब्ररी आहे, तीही फुकट.

आई, तू मागच्या आठवड्यात म्हणालीस, "एवढं लंडनला गेलीस आणि नुसती खोली, कॉलेज आणि ते कॅफे." आणि बाबा मागून हळूच, "पैशांचं काही आहे का गं?" तर नाही. मी इतकं फिरलेय की माझ्या वर्गातल्या लंडनच्या मुलीही फिरल्या नसतील. फक्त पैसे न देता फिरलेय. इथली मोठी सरकारी म्युझियम सगळ्यांना फुकट आहेत. ब्रिटिश म्युझियम तर १७५९ साली उघडलं तेव्हाही फुकटच होतं. दारात दानपेटी असते आणि तिच्याशेजारी एक हसतमुख माणूस. पहिल्यांदा मी मान खाली घालून सटकले. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी एक पौंड टाकला आणि दोन दिवस तो डोक्यातून गेला नाही. आजी, हे तुला सांगू नये, पण आपल्या नाशकात काळारामाच्या देवळातल्या पेटीत टाकताना कधी हिशेब केला नव्हता.

नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये छताला निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलाय, सव्वापंचवीस मीटरचा. आपल्या वाड्याचं दार ते कोपऱ्यावरचा पिंपळ, साधारण एवढा. बाबा, तुम्ही शिवाजी महाराजांची म्हणतात ती वाघनखं बघून ये म्हणाला होतात. मी त्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये गेले, माझ्या मेलीच्या लक्षातच नाही की ती जुलै २०२४ मध्येच तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात गेलीत. साताऱ्याला आली तेव्हा पेपरात फोटो होता, तुम्हीच दाखवला होतात! म्हणजे मी सात हजार किलोमीटर इकडे आणि नखं तिकडे. टिपूचा लाकडी वाघ तेवढा बघून आले, इंग्रज शिपायाच्या छातीवर बसलेला. त्याच्यापुढे इंग्रज आईबाप मुलांचे फोटो काढत होते.

वेस्टमिन्स्टर ॲबीला दिवसा भलंमोठं तिकीट आहे, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला जाऊन बसलं तर काही लागत नाही. मुलं गातात, वर दगडी छतात आवाज फिरतो. आजी, धर्मबिर्म काही बदललेला नाही. शेजारतीला डोळे मिटून बसतो तशी बसले होते, एवढंच.

नदीवर मात्र जवळजवळ रोज येते. आपण गोदावरीवर जाताना "गंगेवर जाऊन येते" म्हणतो तसं मी इथेही म्हणते. माझी केरळची रूममेट विचारते, कुठली गंगा? थेम्सला समुद्राची भरती-ओहोटी लागते. पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं, कधीकधी सात सात मीटर. गोदेच्या पात्रातला आपला दुतोंड्या मारुती इथे असता तर रोज दोनदा गळ्यापर्यंत बुडाला असता आणि त्याच्यावरून पूर मोजणाऱ्या पेपरवाल्यांना बातमीच उरली नसती. ओहोटीला पायऱ्या उतरून खालच्या वाळूत जाता येतं. जुनी खापरं, मातीच्या चिलमींचे तुकडे पडलेले दिसतात, पण शोधाशोध करून उचलायचं तर परवाना लागतो. मी नुसती बघते.

आणि वूलिचला नदीवर एक फेरीबोट आहे, ती १८८९ पासून फुकट चालते. ट्रक, मोटारी, माणसं, सगळे फुकट. मी एका रविवारी चार वेळा इकडून तिकडे केलं. चौथ्या वेळी बोटीवरच्या माणसाने विचारलं, बाई, काही हरवलंय का? आई, बोटीला कठडे आहेत.

बाबा, हे खास तुमच्यासाठी. पावणेदोन पौंडात बस मिळते आणि त्याच तिकिटावर तासाभरात हव्या तेवढ्या बस बदलता येतात. तशी बदलत बदलत हायगेटला गेले. क्रॉमवेल ॲव्हेन्यू, ६५ नंबर. हेच ते इंडिया हाउस, १९०५ साली श्यामजी कृष्ण वर्मांनी उघडलेलं. भिंतीवर निळी गोल पाटी आहे, सावरकर इथे राहत होते म्हणून. आता आत लोक राहतात, त्यामुळे रस्त्यावरूनच बघायचं. तिथे कुणी नव्हतं. एक बाई कुत्रा घेऊन गेल्या. मी म्हटलं, भगूरचा माणूस, आणि इथे या चढावर. दुसऱ्या रविवारी प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडला गेले. तिथल्या १० नंबरच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये शिकत असताना राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घेतलं. आत गेल्यावर मराठीत कुणीतरी बोलत होतं, मला एकदम भरून आलं. इथून शिकून गेलेला माणूस १९३० साली आपल्या काळारामाच्या दाराशी सत्याग्रहाला आला आणि पाच वर्षं ते दार उघडलं नाही. मी लहानपणापासून त्याच दारातून आत-बाहेर करतेय. तिथल्या जिन्यात उभं राहून हे आठवलं आणि मग बराच वेळ टेकडीवर जाऊन बसले.

आता खुर्चीचं. आई, तू कॉलवर तीन वेळा विचारलंस ती खुर्ची कुणाची, आणि मी तीन वेळा विषय बदलला. ती खुर्ची माझी आहे आणि ती रस्त्यावरून आणलेली आहे. थांब, पूर्ण वाच.

इथे घरांपुढे कमरेएवढी विटांची भिंत असते. कुणाला एखादी वस्तू नको झाली की लोक ती धुऊन-पुसून त्या भिंतीवर किंवा भिंतीला टेकून ठेवतात आणि चिठ्ठी लावतात, "घेऊन जा." ही कचऱ्यातली वस्तू नाही. कचऱ्याची जागा वेगळी, दिवस वेगळा. किटलीवर लिहिलेलं असतं, "चालू आहे." पुस्तकांचं खोकं असेल आणि पाऊस येणार असेल तर वर प्लास्टिक घातलेलं असतं. आपण जायचं, बघायचं, हवं तर उचलायचं. दार वाजवून विचारायचं नाही. मी पहिल्यांदा वाजवलं. आतल्या गृहस्थाचा चेहरा असा झाला की जणू मीच त्याला चोरी करताना पकडलं. पडद्याआडून बघतात, पण बाहेर येत नाहीत, आभार मानू देत नाहीत. आपली बोहारीण कशी, चार पँटी आणि एक साडी घेऊन बसणार, पातेलं दाखवणार, तू म्हणणार एवढ्यात नाही, ती उठून चालायला लागणार, तू परत बोलावणार. इथे ती सगळी मजाच नाही. देणारा अदृश्य, घेणारा अदृश्य. बरं, कामवाल्या मावशींना किंवा वॉचमनला द्यावं तर इथे दोघंही नाहीत, आणि मोठी वस्तू पालिकेला न्यायला सांगितली तर बऱ्याच ठिकाणी वर पैसे भरावे लागतात. म्हणून भिंत. श्रीमंत वस्तीतली भिंत जास्त चांगली, हे मला तीन महिन्यांत कळलं. बँकवाले, वकील, सगळे उचलतात, त्यात कमीपणा नाही. अगदी नाही. मी खुर्ची, टेबललॅम्प, एक तवा आणि हिवाळ्यातला कोट असं आणलंय. तवा सोड्याने तीन वेळा घासला. खुर्चीवरून मीठ-मोहरी ओवाळून टाकली, रूममेट बघत राहिली. तेव्हा कुणाची साडेसाती वगैरे आली असेल तर ती बाहेरच राहिली.

मीही एकदा ठेवलं. आत्याने दिलेली ती मोठी झगमगीत पर्स. पंधरा मिनिटांत गेली. आत्याला बोलू नका.

आत्यावरून, ते इथल्या रीडिंग गावातल्या मुलाचं स्थळ. आजी, उद्या अमावास्येला अधिक संपतोय आणि यंदाही वाण द्यायला जावई नाही, हे तू चार वेळा ऐकवलंस. पुढचा अधिक तीन वर्षांनी आहे, अनारसे तोवर शिकून घेईन. मुलाला भेटायचं तर भेटते, पण सायन्स म्युझियममध्ये. तिथे तिकीट नाही, आणि अर्धा तास कॉफीच्या कपाकडे बघत बसावं लागत नाही. हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

आता दादाचं लग्न. चातुर्मासाच्या आधी हवं, वर सिंहस्थात नको, म्हणून तुम्ही जुलैचा पहिला आठवडा धरलात, ते बरोबरच आहे. आई, शुक्रवारी दादाच्या खात्यावर ६५० पौंड पाठवलेत. पाटल्या सोडवायला कमी पडत होते तेवढे. आकडा त्याने आपणहून सांगितला नाही, मी खोदून काढला, त्याच्यावर चिडू नकोस. कॅफेचे साठवलेले आहेत. आठवड्याला वीस तासच काम करता येतं, त्याच्या वर मी एक मिनिटही करत नाही, तेव्हा व्हिसाची काळजी नको. माझ्या फीपायी तुझे हात वर्षभर मोकळे राहिले. लग्नाच्या फोटोत तसे दिसायला नकोत.

तिकिटासाठी साठवलेले तेच होते. त्यामुळे मी येत नाही. आत्याला आणि मुलीकडच्यांना प्रबंधाचं सांगा, तेही खोटं नाही, सप्टेंबरला द्यायचाय. करवली म्हणून काकांच्या धाकटीला उभी करा. माझी येवल्याची जांभळी पैठणी कपाटात खालच्या कप्प्यात आहे, ती तिला नेसवा. लांबीला होईल. घाण्याला मला व्हिडिओवर घ्या, पण फोन कुणाच्या तरी हातात द्या, हळदीच्या ताटाला टेकवून ठेवू नका. दादाला म्हणावं, रुसायचं असेल तर लग्नानंतर रूस.

कोंडाजीचा चिवडा पाठवू नका, पोस्टाला चिवड्याहून जास्त पडतात. कुणी येणार असेल तरच.

सर्वांना नमस्कार.

तुमची लेक

ता. क. बाबा, वाढदिवसाला तुम्ही साडेचार हजार पाठवलेत, लंडन आयच्या आकाशपाळण्यात बस म्हणून. मी बसले नाही. त्या आठवड्यात भाड्याला कमी पडत होते. तुम्हाला पाठवलेला फोटो पुलावरून काढलेला आहे. पाळण्याची उंची १३५ मीटर, एका फेरीला अर्धा तास, डब्यांना १ ते ३३ नंबर आणि त्यात १३ नाही म्हणून डबे ३२, हे सगळं खरं आहे. अर्धा तास मी खालून घड्याळ लावून बघितलाय. ३३ हा अधिकाचा आकडा म्हणून आजीने हात जोडले होते तेव्हाच सांगणार होते, पण तुम्ही मध्येच म्हणालात की गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय. आता त्यांना काही सांगू नका. तसंच राहू द्या.