मोत्याला तीनच पिक्सेल पुरतात हे दाखवणाऱ्या ताईला

ताई,

तुला मेसेजवर थँक्यू म्हणून झालंय, पण मला ते पुरेसं वाटेना, आणि जे कोणी आत्ता एखादं पेंटिंग ट्रेस करून त्याचं पिक्सेल आर्ट (म्हणजे एकेक चौकोनी ठिपका भरून केलेलं चित्र) करताना रंगांपाशी अडकलेत त्यांच्याही कामी येईल म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

डच चित्रकार व्हर्मीरचं ते मोत्याचा डूल घातलेल्या मुलीचं चित्र, साधारण १६६५ चं, मी खालच्या लेयरवर टाकलं आणि ६४ बाय ६४ पिक्सेलच्या कॅनव्हासवर आउटलाइन काढली. ती छान जमली. मग आयड्रॉपरने मूळ चित्रातला एकेक रंग उचलत गेले आणि चेहरा मळकट, फेटा डागाळलेला, आणि मला कळेचना की रंग तर तिथलेच घेतलेत मग बिघडतंय कुठे. तू फाइल मागवलीस, पॅलेट बघितलंस आणि एवढंच विचारलंस, "एकट्या फेट्याच्या निळ्याला ३८ रंग कशाला गं?" जेपीजीत शेजारशेजारचे पिक्सेलसुद्धा थोडे वेगळे असतात, त्यात जुन्या रंगाला गेलेल्या बारीक भेगा, आणि मी तेच सगळं गोळा करत बसले होते.

मग तू निळ्याला ४, त्वचेला ४, पिवळ्याला ३ असं बांधून दिलंस. आणि सावली म्हणजे त्याच रंगात काळं ओतणं नाही, हे तू करून दाखवलंस म्हणून पटलं. पिवळा नुसता गडद केला की शेवाळी दिसायला लागतो, तोच थोडा नारिंगी-तपकिरीकडे सरकवला की कापड उबदार राहतं, निळा सावलीत जांभळ्याकडे न्यायचा. जॅकेटला तर वेगळा रंग घेऊच दिला नाहीस, त्वचेची सावली आणि गडद पिवळा तिथेच परत वापरायला लावलास, आणि त्यानेच सगळं चित्र एकत्र बांधलं गेलं असं मला वाटतं.

शेडिंगमध्ये मी चेहऱ्याला चहूबाजूंनी कडेला गडद आणि मध्ये उजळ केलं होतं, ज्याला पिलो शेडिंग म्हणतात. तू म्हणालीस, उजेड डावीकडून येतोय ना, मग डावी कड का काळी? आणि नाकाची रेघ पुसून टाक, मूळ चित्रात ती नाहीच, नाक गालातच मिसळलंय. पुसली, आणि ती मुलगी वळून बघायला लागली!

पण खरी गंमत मोत्याची. मी १२ पिक्सेलचा करड्या रंगाचा गोळा केला होता. तू मूळ चित्र झूम करून दाखवलंस, वर डावीकडे पांढऱ्याचा एक जाड ठिपका, खाली कॉलरचं पुसट प्रतिबिंब, बाकी नुसती मानेची सावली. मग एक पिक्सेल पांढरा, खाली दोन निळसर करडे, बस. झूम आउट केलं तर मोती लटकत होता. त्या रात्री मी ते किती वेळा झूम इन-आउट करून बघितलं असेल, सांगता येणार नाही. तुझा अख्खा रविवार यात गेला, आणि एकदाही तू माझ्या हातातून काम काढून स्वतः करून टाकलं नाहीस, हे मी कधी विसरणार नाही.

आता पॅलेटमध्ये १५ रंग आहेत. फाइल पाठवलीये. खालच्या ओठावर मोत्यातलाच पांढरा एक पिक्सेल टाकलाय, मला तो आवडलाय, पण तू ग्रेस्केल (काळं-पांढरं) करून बघ आणि सांग ठेवू का.