मोत माऊलीचा इतिहास पण छापा की

संपादक साहेब,
सप्टेंबर आला की वांद्र्याच्या जत्रेची बातमी येते पण ती नुसती जादा बस आणि ट्रॅफिकची, मोत माऊलीच्या म्हणजे माउंट मेरी चर्चचा इतिहास कुठेच नाही. आताची इमारत 1904 ची, 1954 ला बॅसिलिकाचा (पोपनं दिलेला खास मानाच्या चर्चचा) दर्जा मिळाला, पण मेरीची मूर्ती पोर्तुगीज काळातली, 1700 च्या सुमारास लुटारूंनी तिचा हात तोडला असं सांगतात. आमची आई मोत माऊलीच म्हणायची (आम्ही हिंदू, तरी दरवर्षी ठाण्याहून दादरला गाडी बदलून जातोच). गेल्या वर्षी बहिणीला फ्लॅट मिळेना म्हणून नवसाला वाहायचं मेणाचं घर घेतलं, रांगेत उन्हानं छप्पर वाकलं, तसंच वाहिलं.

– एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व