लोड कुठाय?

पुणे
रविवार, रात्र

प्रिय नंदू,

फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. शिवाय हे वहिनींच्या कानावर इतक्यात जायला नको. माझी तब्येत बरी आहे. साखर असायची तेवढी आहे.

निखिल घरी आलाय. रजेवर आहे म्हणतो. दिवसभर खोलीत असतो. हाक मारली की जेवायला येतो, नीट जेवतो, क्रिकेटवर बोलतोसुद्धा. बाहेरून बघशील तर पोरगं ठणठणीत. शेवटी हिच्या आग्रहाखातर डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाले, "स्ट्रेस."

नंदू, ज्याच्यावर आपण इंजिनिअरांनी जन्मभर पोट भरलं तो शब्द! माझ्या तोंडून निघूनच गेलं, "पण लोड कुठाय?" भार असेल तर स्ट्रेस, हे आपलं गणित. कर्ज नाही, लग्नाचा लकडा आम्ही लावत नाही, पगार माझ्या शेवटच्या पगाराच्या चौपट. डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं पुढची तारीख मलाच देतायत.

घरी येऊन वाचत बसलो. डॉक्टर लोकांत हा शब्द रुजवला हान्स सेल्ये नावाच्या माणसानं. 1936 साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून त्यानं 'नेचर'मध्ये एक छोटं टिपण छापलं. उंदरांना गारठवा, दमवा, नाहीतर विषारी औषध टोचा, शरीरात होतं तेच: अ‍ॅड्रिनल ग्रंथी मोठ्या, थायमस आक्रसलेली, पोटात व्रण. या सगळ्याला त्यानं पुढे स्ट्रेस म्हटलं. म्हणजे बघ, बाहेरच्या माऱ्यानं आत जे होतं त्याला! मग त्या माऱ्याला नाव उरलं नाही, म्हणून 'स्ट्रेसर' काढावा लागला. पुढे त्यानंच म्हटलं म्हणे, की इंग्रजी पक्कं असतं तर आपण 'स्ट्रेन' म्हटलं असतं, म्हणजे माऱ्यानं आकारात होणारा बदल. कोशी या फ्रेंच गणितज्ञानं 1822 मध्ये स्ट्रेस म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ असं स्वच्छ मांडून ठेवलेलं, आणि शंभर वर्षांनी ही गत. सेकंड इयरला आपल्या सरांनी अशा पोराला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

बाकीच्यांचंही तेच. शेतीवाल्यांचा वॉटर स्ट्रेस म्हणजे तहानलेलं पीक. हार्टवाले पट्ट्यावर पळवतात ती स्ट्रेस टेस्ट, आणि 2009 मध्ये अमेरिकेनं बँकांची घेतली तीही स्ट्रेस टेस्टच. भूकंपवाले तेवढे आपल्या जातीचे. कोयनेला 1967 साली काय झालं? धरणातल्या पाण्याचं वजन खडकाच्या मानानं किरकोळ. पाणी भेगांत शिरलं, दाब वाढला, आणि आधीपासून ताणलेला खडक सटकला. आधीपासून! मी इथंच अडकलो.

तुझं ते मेसमधलं भांडण आठवलं. स्ट्रेन आधी, स्ट्रेस कुणी पाहिलाय? गेज, म्हणजे लांबीतला बदल टिपणारी बारीक पट्टी, चिकटवून मोजतो तो स्ट्रेन, स्ट्रेस आपण कागदावर काढतो. मी तुला नास्तिक म्हणालो आणि शिऱ्यानं मधल्यामध्ये दोघांची आमटी संपवली. अजूनही मला ते मान्य नाही. मीटरभर सळई घे. मोकळी ठेवून चाळीस अंशांनी तापव: अर्धा मिलिमीटर वाढेल, स्ट्रेस शून्य. आता दोन्ही टोकं पक्की धर आणि तेवढीच तापव. लांबी तसूभर बदलत नाही, कितीही टेप लाव, आणि आत चौरस मिलिमीटरला 96 न्यूटन. कुठाय तुझा स्ट्रेन? (तापल्यानं होणारी वाढ, ती थर्मल, वजा कर म्हणशील. माहीत आहे मला.)

तर डॉक्टरांना मी लोड विचारत होतो, आणि इथं बाहेरून कुणी काही ठेवलेलंच नाही. फक्त वाढायला जागा नाही. 96 म्हणजे फार नाही, यील्ड, म्हणजे सळई कायमची ताणली जाते ती मर्यादा, 250 ला. पण सळई बारीक असली तर ती यील्डची वाट बघत नाही, एकदम बाजूला फेकली जाते. भर उन्हाळ्यात रूळ वाकतात तसं. रात्री त्याच्या खोलीतला दिवा जळत असतो आणि मी इकडे पॅसेजमध्ये फेऱ्या मारतो. हिला सांगायला गेलो तर म्हणाली, "त्याला सळई म्हणू नका." विचारायला जावं तर तो म्हणतो, "काही नाही बाबा." गेज तरी कुठं चिकटवू?

तो तुझ्याशी बोलतो. लहानपणापासून बोलतो, आणि मला याचा राग आहे हे तुला माहीत आहे. त्याला चार दिवस तुझ्याकडे पाठवतोय. अजिंक्यताऱ्यावर ने, कासला ने, नाहीतर नुसता घरात लोळू दे. नोकरीचा विषय तू काढू नकोस. त्यानं काढला तर ऐक, आणि मला सगळं सांगायची गरज नाही.

तुझं घराचं रंगकाम उरकलं का? मधुराचा व्हिसा आला हे हिच्याकडून कळलं, छान झालं, तिला आशीर्वाद. गच्चीच्या गळतीबद्दल सविस्तर लिही, ठेकेदाराला पैसे देऊ नकोस तोवर.

निखिल शुक्रवारी सकाळी स्वारगेटहून एसटीनं निघेल. स्टँडवर स्वतः जा. तो फोन उचलत नाही.

तुझा,
दिलीप