हवालदारांच्या डोक्यातलं आधी कागदावर घ्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

परवा दुकानात एक हवालदार आले, रिटायरमेंटचे पेपर घेऊन, पेन्शनच्या फाईलसाठी तीन-तीन प्रती पाहिजे होत्या. माझं कुर्ला पूर्वेला झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, खाकीतली माणसं रोजच येतात, पण ह्यांना बघितलं की मला २०२० चा मे महिनाच आठवतो. प्रती काढता काढता मी विचारलं, दादा, कोरोनात आपण जे काय केलं ते कुठे लिहून ठेवलंय का हो. ते म्हणाले, कोण विचारतंय, माझ्या डोक्यात आहे तेवढं. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय म्हणून पत्र लिहायला बसलो.

झालं असं की १ मे पासून परप्रांतीय कामगारांना गावी सोडणाऱ्या श्रमिक स्पेशल रेल्वेगाड्या सुरू झाल्या आणि गावी जायचं तर फॉर्म लोकल पोलीस स्टेशनला भरायचा असं ठरलं. आता पोलीस स्टेशन म्हणजे भांडणं, चोऱ्या, पंचनामे, तिथे एका रात्रीत रिझर्वेशन काउंटर सुरू करायचं म्हणजे काय चेष्टा आहे का, आणि वर नाकाबंदी आहेच, कंटेन्मेंट झोनचे बॅरिकेड आहेत, रेशनच्या लाईनला बंदोबस्त आहे, ई-पासवाल्यांचे फोन आहेत. टायपिंगला माणूस नाही. माझं शटर लॉकडाऊनपासून बंद, मला निरोप आला की कम्प्युटर घेऊन या, आणि मी पुढचे तीन आठवडे गेटजवळच्या ताडपत्रीखाली बसून याद्या टाईप केल्या.

ते सगळं ह्या हवालदारांनी कसं बसवलं ते सांगतो. आत कोणाला घ्यायचंच नाही म्हणून टेबल गेटबाहेर, रस्त्यावर चुन्याचे गोल, आणि फॉर्म हातात घ्यायचा नाही म्हणून बांबूच्या टोकाला सुतळीने बांधलेला पत्र्याचा ट्रे. माणूस ट्रेमध्ये फॉर्म टाकणार, ट्रे मागे ओढायचा, फॉर्म थोडा वेळ उन्हात दगडाखाली ठेवायचा आणि मग माझ्याकडे. कागदाने कोरोना कितपत पसरतो ते तेव्हा कोणालाच नीट माहीत नव्हतं, पण त्या ट्रेमुळे रांग सरळ राहायची आणि अंतर आपोआप पडायचं हे मी स्वतः बघितलंय.

पहिल्या दोन दिवसांत गडबड झाली. गाडी ठरली की हातात फक्त दोन-तीन तास असायचे, तेवढ्यात सगळ्यांना फोन करून एका ठिकाणी जमा करायचं, तपासणी करायची, बसमध्ये बसवून टर्मिनसला पाठवायचं. आणि फोन लावला तर निम्मे स्विच ऑफ. हे लोक कुठे पळून गेले असं एकाला वाटलं, पण हवालदारांच्या लगेच लक्षात आलं, अरे दीड महिना काम नाही, रिचार्जला पैसे कुठून असणार. तिथून पुढे आमच्या यादीत एक जादा कॉलम आला, दुसरा नंबर. शेजाऱ्याचा, किराणावाल्याचा, कारखान्याच्या सेठचा, कोणाचाही, पण चालू असलेला. दुसरी गोष्ट, यादी राज्याप्रमाणे नाही तर जिल्ह्याप्रमाणे लावायची, कारण गाडी काही नुसती यूपीला जात नाही, ती एका ठराविक स्टेशनला जाते, मग जौनपूरवाल्याला उगाच गोरखपूरच्या गाडीसाठी उठवायचं नाही. एकाच नावाची सहा-सहा माणसं असायची, बापाचं नावही सेम, तर हे विचारायचे कुठल्या गल्लीत राहतो, कोणाच्या कारखान्यात, आणि फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलने खूण करायचे. ह्यातलं काहीही कुठल्या आदेशात लिहिलेलं नव्हतं, बीटवर वीस वर्षं पायी फिरलेल्या माणसाला ते आपोआप सुचत होतं.

संपादक साहेब, माझं म्हणणं एवढंच आहे की साथीत मुंबई पोलिसांचं जे चांगलं जमलं ते बहुतेक असं खालून आलं, आणि जे फसलं ते वरून घाईत आलं. जून २०२० च्या शेवटी आदेश निघाला की घरापासून दोन किलोमीटरच्या आतच फिरायचं, हजारो गाड्या उचलल्या, लोक ऑफिसला जायचं की नाही ह्याच गोंधळात, आणि काही दिवसांत आदेश मागे घेतला. एप्रिल २०२१ मध्ये लाल, हिरवा, पिवळा स्टिकर आला, मेडिकलवाल्याला लाल, भाजी-किराण्याला हिरवा आणि बाकी अत्यावश्यकवाल्यांना पिवळा, तोही आठवडाभरात बंद. नाक्यावर उभा असलेला शिपाई लोकांच्या शिव्या खात होता कारण त्याला स्वतःलाच नियम सकाळी कळलेला. मास्क लावून, उन्हात, प्लास्टिकच्या फेसशिल्डमागून ओरडून ओरडून समजावणं काय असतं ते मी रोज बघत होतो. आणि कलम १८८ च्या, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याच्या केसेस, त्या तर ढिगाने झाल्या, पुढे सरकारनेच त्या मागे घ्यायचं ठरवलं, पण मधल्या काळात पासपोर्टचा नाहीतर नोकरीच्या व्हेरिफिकेशनचा फॉर्म भरायला आलेली पोरं माझ्या काउंटरला घाबरून विचारायची, काका, माझ्यावर केस आहे, आता काय होणार. दूध आणायला गेलेला पोरगा होता हो.

आणि वयाचं. एप्रिल २०२० च्या शेवटी तीन दिवसांत मुंबई पोलिसांतले तिघे कोरोनाने गेले, तिघंही पन्नाशीच्या पुढचे. त्यानंतर तेव्हाचे आयुक्त परमबीर सिंह यांनी ५५ च्या वरच्यांनी घरी थांबावं, आणि ५२ च्या वरचे ज्यांना बीपी-शुगर आहे त्यांनीही थांबावं असं सांगितलं. निर्णय एकदम बरोबर, पण तोपर्यंत लॉकडाऊन लागून महिना झालेला. वयस्कर माणसाला जास्त धोका आहे हे मार्चमध्येच सगळ्या जगाला कळलेलं होतं. मुंबईतच पुढे शंभराहून जास्त पोलीस गेले, त्यात रोज माझ्याकडे येणारे एक जमादारही. गेलेल्यांच्या घरच्यांना ५० लाख आणि घरातल्या एकाला नोकरी हे सरकारने जाहीर केलं, ते चांगलंच, पण वयाचा हा नियम पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी लागू झाला पाहिजे, कोणी मरायची वाट बघून नाही. आमचे हवालदार तेव्हा ५३ चे, शुगर नाही, म्हणून ड्युटीवर. बायकोला सांगून जिन्याखाली बादली ठेवलेली, घरी गेल्यावर आधी कपडे त्यात. दोन महिने नातवाला उचललं नाही.

ड्युटीचंही तसंच. मुंबईतल्याच देवनार पोलीस स्टेशनला २०१६ मध्ये आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला होता, तोही एका साध्या पोलीस शिपायाच्या डोक्यातून आलेला, हे फार कमी लोकांना माहीत आहे. कोरोनात ते विस्कटलं आणि मग १२ तास काम, २४ तास आराम असं सुरू केलं, म्हणजे एक तुकडी आजारी पडली तरी स्टेशन बंद पडणार नाही. हे लिहून ठेवण्यासारखं आहे ना. आरोपी पकडला तर आधी टेस्ट, रिपोर्ट येईपर्यंत कुठे ठेवायचा, कोर्टात व्हिडिओवर कसा हजर करायचा, तक्रार रस्त्यावरच्या टेबलावर कशी लिहायची, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला फुंकर मारायला लावता येत नाही तेव्हा काय करायचं, ह्या सगळ्याची उत्तरं तेव्हा प्रत्येक स्टेशनने आपापली शोधली. शेजारच्या स्टेशनला बहुतेक वेळा पत्ताच नसायचा.

म्हणून माझी विनंती आहे, आपल्या पेपरमधून ती पोलीस आयुक्तांपर्यंत पोचावी. प्रत्येक पोलीस स्टेशनमधून त्या दोन वर्षांत ड्युटी केलेली चार-पाच माणसं निवडा, नुसती साहेब लोकं नकोत, हवालदार, शिपाई, महिला पोलीस, ठाणे अंमलदार, आणि त्यांना बसवून विचारा की काय चाललं, काय नाही चाललं. एक साधं मराठी पुस्तक करा आणि नव्या भरतीला ट्रेनिंगमध्ये शिकवा. स्टेशन डायरीत नोंदी असतील, पण डायरीत ट्रे सापडणार नाही, दुसरा नंबर का घेतला ते सापडणार नाही.

आमचे हवालदार येत्या ३१ तारखेला रिटायर होतायत आणि नंतर साताऱ्याला गावी राहायला जाणार म्हणतात. तोपर्यंत रोज संध्याकाळी सात नंतर माझं दुकान मोकळं असतं, ते यायला तयार आहेत, मी विचारलंय. खात्याने फक्त एक माणूस पाठवावा, टायपिंग मी फुकट करून देतो.

आपला नेहमीचा वाचक,
एक झेरॉक्स-टायपिंगवाला,
कुर्ला पूर्व, मुंबई