सोन्याला सुट्टीत पाठवतेय

ती. आई-बाबांना सा. न.

शाळा संपली की सोन्याला देवगडला पाठवतेय, अख्खा मे महिना. गेल्या वर्षीच्या त्या रात्रीनंतर तुम्ही त्याला बोलावायचंच सोडलंत. फोनवर विषय काढला की आई रडते, म्हणून लिहितेय.

त्या रात्री लाल उलटी झाली तेव्हा आई म्हणाली, कोकम सरबत बाधलं. मीही तेच म्हटलं असतं. बाबा, तुम्ही टॉर्च मारून पाहिलंत तर त्यात गुठळ्या. कोकमाची गुठळी होत नाही. सकाळची वाट न बघता तुम्ही गाडी काढलीत.

आई, तू विचारतेस, तान्हा असताना ऑपरेशन झालं ना, मग रक्त कुठून? ‘कसाई ऑपरेशन’ ऐकून तू तेव्हा देवापुढे बसली होतीस. अगं, ते एका जपानी सर्जनचं आडनाव, मोरिओ कसाई. त्यांनी 1959 मध्ये ते मांडलं. त्याने पित्ताला वाट मिळाली, पण सोन्याचं लिव्हर तोवर निबर झालं होतं. आगरातला पाट तुंबला की पाणी भलतीकडून वाट काढतं ना? तसं आतड्यांकडून येणारं रक्त लिव्हरमध्ये अडतं आणि अन्ननलिकेच्या शिरांत शिरतं. त्या फुगतात, एखादी फुटते.

त्यानंतर तीनदा दुर्बिणीतून त्या शिरांना रबराच्या रिंगा घातल्या. आता शिरा बसल्यात. पुन्हा फुगू शकतात, म्हणून तपासणी चालूच राहणार.

ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल, पिशवीत लिहून दिलंय तेवढंच. गेल्या वर्षी उलटीच्या दोन दिवस आधी त्याला कुणीतरी आयबुप्रोफेनचं सिरप दिलं होतं. त्यानेच झालं असं डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत, पण मला ते सलतं. ॲस्पिरिनही नको.

आणि आई, रोज त्याची शी बघायची. जांभळं खाऊन काळपट होते ती वेगळी. होडीच्या तळाला फासतात त्या डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची दिसली, तर उलटी नसली तरी ते रक्तच समजायचं. मग तोंडाने काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा. कुशीवर निजवा, 108 ला फोन करा, मग मला. फाईल फ्रिजवर ठेवा, रक्तगट पहिल्याच पानावर आहे. बाबा, तिथे ‘अजून एक बाटली लावा’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. रक्त जास्त झालं की शिरांतला दाब वाढतो, म्हणून ते मोजूनच देतात. शिरांतला दाब उतरवायचं औषध आणि अँटिबायोटिक ते लगेच सुरू करतील.

आंब्यावर चढू देऊ नका. प्लीहा फुगून बरगडीखाली उतरलीय, पोटावर आपटला तर फाटेल. पुळणीवर मात्र खुशाल न्या.

कोकम सरबत त्याला चालतं, पण यंदा नको, आई. पन्हं कर.

तुमची,
बाय