गोळ्या पुडीत देऊन जाऊ नका, समोर खाऊ घाला

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या भंडारा जिल्ह्यात हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम येते तेव्हा खेड्यात काय होतं ते लिहितो. टीम येते सकाळी अकराला, अन् त्या टायमाला अख्खं गाव हरभरा-लाखोरीच्या वावरात. घरी फक्त म्हातारी माणसं. मग गोळ्या पुडीत बांधून म्हातारीच्या हाती देतात, वहीत सगळ्यांची नावं चढतात, झालं. परवा आमच्याच घरी चहाच्या डब्यामागं मागच्या खेपेची पुडी सापडली. माणशी तीन डीईसी, एक अल्बेंडाझोल, चौघांच्या सोळाच्या सोळा गोळ्या तशाच, ओलीनं पिवळ्या पडलेल्या. वहीत आम्ही चौघांनी औषध खाल्लेलं आहे.

चूक आमचीही आहे, मान्य. लोक म्हणतात, 'मले काही बिमारी नाही, मंग गोळी कायले खाऊ?' पण हा रोग असाच आहे, धडधाकट माणसाच्या रक्तात जंतू असतात, त्याला पत्ता नसतो, नालीतल्या घाण पाण्यावरचा क्युलेक्स डास त्याला चावून मग दुसऱ्याला चावतो आणि सूज यायला कितीतरी वर्षं जातात. माझ्या मोठ्याईचा पाय तसाच झाला. लग्नात गेली की लुगडं ओढून पाय झाकून कोपऱ्यात बसते, रोज रात्री साबणानं पाय धुते, बोटांच्या बेचक्या फडक्यानं कोरड्या करते. गोळीनं आता तो पाय पहिल्यासारखा होणार नाही, पण माझ्या लेकरांचे पाय तर वाचतील ना.

दुसरी भीती चक्कर-उलटीची. एकाला मळमळ झाली की व्हॉट्सॲपवर बोंब होते. अरे, अंगात जंतू असले की ते मरताना ताप, चक्कर येते, बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं, अन् उपाशीपोटी खाल्ली तर त्रास वाढतो. गर्भवती बाया, दोन वर्षांखालची लेकरं, खूप आजारी माणसं यांना गोळी देतच नाहीत. हे मोहिमेच्या आधी ग्रामसभेत, बचत गटात, भजनी मंडळात बसून सांगा, लोक ऐकतात, आमचा अनुभव आहे.

म्हणून विनंती एवढीच, टीमनं संध्याकाळी जेवणं झाल्यावर यावं आणि गोळी समोर गिळायला लावावी. हत्तीरोगाचे जंतू रात्री रक्तात फिरतात म्हणून तपासणीवाले रक्त घ्यायला रात्री आठनंतर येतातच की, मग गोळी द्यायलाही येता येईल. आशाताईंना एकटीनं अंधारात फिरावं लागू नये म्हणून आमच्या टोलीतली चार-पाच पोरं टॉर्च घेऊन सोबत चालायला तयार आहेत.

– एक शेतकरी, ता. पवनी, जि. भंडारा